घराण्याचं वैर

मी शाळेत शिक्षिका म्हणून नवीच लागले होते. माझ्या चौथीच्या वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या रेणुका आणि तनुजा शुद्धलेखनाच्या तासाला रोज एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. मुख्याध्यापक घोरपडे सरांनी निकालच देऊन टाकला.

"धुमाळ आणि खोत! आज्यापणज्यांपासून बांधाचं वैर. रक्तातच आहे ते. दोघींना दाखले देऊन टाका."

शाळा समितीचे अध्यक्ष तात्या यांनीही मान डोलावली. मला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात शेजारच्या वर्गावरच्या पेंढारकर बाई आल्या.

"दाखला द्यायचा तर कारण लेखी लागेल," त्या म्हणाल्या. "त्याच बाकावर बसून दोघंही लिहून द्या."

सर रेणुकाच्या जागी बसले, तात्या तनुजाच्या. तात्या डावखुरे. दुसऱ्या ओळीलाच त्यांचं कोपर सरांच्या कोपरावर आदळलं आणि सरांच्या सुंदर अक्षरावर लांबलचक रेघ ओढली गेली.

"अहो, जरा सरका की!"

"तुम्हीच सरका!" तात्या गुरगुरले.

पुन्हा कोपर लागलं. सर लालबुंद होऊन उठलेच.

बाईंनी अगदी नम्रपणे विचारलं, "सर, तुमच्या दोन घराण्यांत वैर कधीपासूनचं?"

आधी तात्या हसले, मग सरही. तनुजासुद्धा डावखुरीच होती. मी दोघींच्या जागा बदलल्या आणि भांडण मिटलं.

आजही वर्गात मुलं भांडली, की मी मनातल्या मनात बाईंना नमस्कार करते आणि आडनावं न विचारता त्यांच्या बाकावर जाऊन बसते.