चाळिसावं घर

"मग भंते, कोणत्या कॉलेजात जाऊ?"

उत्पलाने हे तिसऱ्यांदा विचारलं. भंते तिच्या वहीची पानं उलटत होते.

टेकडीखालच्या आमच्या वस्तीतली ही मुलगी बारावीला जिल्ह्यात पहिली आली होती, आणि ते तिच्या चालण्यातही दिसायचं. समाजशास्त्राची पदवी घ्यायची हे ठरलेलं. दोन कॉलेजांच्या यादीत नाव लागलं होतं. एक शहरातलं, मोठ्या ग्रंथालयाचं, जिथले प्राध्यापक स्वतः पुस्तकं लिहितात. दुसरं तालुक्याचं, घरून जाऊन येऊन करण्यासारखं. संध्याकाळी पाचच्या आत मोबाइलवरून एक प्रवेश पक्का करायचा होता, नाहीतर दोन्ही जागा जाणार. पावणेचार होऊन गेले होते.

मी विहाराची ओसरी झाडत होतो. खरं सांगायचं तर मला तिचा रागच येत होता. तिला सल्ला नकोच होता. भंतेंच्या तोंडून शहराचं नाव निघालं की घरी आईबापापुढे बोलायला तोंड मिळणार होतं, एवढंच.

माझं सर्वेक्षण वाचा आणि मगच सांगा, म्हणून वहीही तिनेच पुढे केली होती. वस्तीतली चाळीस घरं, प्रत्येक घराला पंचवीस प्रश्न. त्याला बक्षीस मिळालं होतं.

भंतेंनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"चाळिसावं घर. शेवंताबाईचं. पुढे काय लिहिलंयस?"

"घर बंद."

"किती वेळा गेलीस?"

"दोनदा. दोन्ही वेळा कुलूप होतं."

नाल्यापलीकडचं ते घर आम्हा सगळ्यांना माहीत आहे. शेवंताबाई डुकरं पाळते. तिच्या हातचं पाणी वस्तीतलं कुणी पीत नाही. मीही पीत नाही, खोटं कशाला बोलू.

"काल मी तिच्याकडेच जेवलो," भंते म्हणाले. "त्या घराला दार नाही, उत्पला. गोणपाट लावलंय."

माझा झाडू थांबला. उत्पलाचा चेहरा खर्रकन उतरला. तिने वहीकडे हात नेला आणि मागे घेतला. मग म्हणाली, आई तिकडे जाऊ देत नव्हती, शिवाय दुसऱ्याच दिवशी वही शाळेत द्यायची होती. शेवटी ती खाली बघून म्हणाली,

"मलाच जायचं नव्हतं."

भंते रागावले नाहीत. तेच तिला जास्त लागलं असावं.

मोबाइल वाजला. प्रवेशाची मुदत संपत आल्याचा निरोप होता.

"भंते, कॉलेजचं तेवढं सांगा. पाया पडते."

भंतेंनी वही मिटून तिच्या हातात दिली. वर स्वतःचं पेन ठेवलं.

"शेवंताबाईला विचार."

"आत्ता? पाचला सगळं बंद होईल, भंते. वेळ कुठे आहे?"

भंतेंनी नाल्यापलीकडे बोट दाखवलं.

"गोणपाट बाजूला करायला किती वेळ लागतो?"