एक हिसका

पूर्वी शंखपुरात पद्मक राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व कड्यावरचा मध काढणाऱ्यांच्या कुळात जन्मले होते. त्या लोकांत एक रीत होती. जो कड्यावरून खाली उतरेल, त्याचा दोर त्याच्या मेव्हण्यांनी वर धरायचा. काही झाले तरी भाऊ बहिणीला विधवा होऊ देणार नाही, असा त्यामागे हिशोब.

बोधिसत्त्वांचा दोर सोमिल आणि त्याचा थोरला भाऊ धरीत. तापाच्या साथीत थोरला गेला. दुसरा मेव्हणा उरला नव्हता, म्हणून त्याच्या जागी दरीपलीकडच्या पाड्यातला कुंडक आला. त्याचीही माणसे साथीतच गेली होती. मधाच्या एका पोळ्यावरून दोन्ही पाड्यांत जुने वैर, त्यामुळे सोमिल आणि कुंडक यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य. दोघे एकाच झाडाखाली भाकरी खात, पण एकमेकांकडे पाठ करून.

बोधिसत्त्व घाई करीत नसत. ते दोघांकडून दोराने नुसते दगड खाली-वर करवून घेत. "जोडी जमायला वेळ लागतो," ते म्हणत. "आधी भांडण होते, मग बोलणे होते, मग कधीतरी हात जुळतात." सोमिलला हे ऐकून ऐकून वीट आला होता.

अशात राजाने दवंडी पिटवली, उत्सवाआधी जो कड्यावरचा मध आणील त्याला ते सारे रान बक्षीस. सोमिलच्या तोंडाला पाणी सुटले.

"दाजी, उद्याच उतरू या."

"मला रान नको. अजून एक हंगाम थांबू. दोराच्या खुणा तरी ठरवल्यात का तुम्ही?"

"ठरल्यात की. तुम्ही येत नसाल तर मी एकटा उतरतो."

सोमिलने कुंडकाला एका शब्दाने विचारले नव्हते. कुंडकानेही गुपचूप मान डोलावली. वैऱ्यापुढे अडाणी कोण ठरेल? मेव्हण्याचा जीव धोक्यात पडू नये म्हणून बोधिसत्त्व स्वतः उतरले.

धुराने माश्या उठल्या. खालून दोराला एक हिसका बसला. सोमिलच्या पाड्यात त्याचा अर्थ 'वर ओढ'. तो ओढू लागला. कुंडकाने मात्र त्याच हिसक्याला दोर सोडून दिला. सगळा भार एकट्या सोमिलवर आला. सुटलेला दोर कुंडकाच्या पायाला गुंडाळला गेला आणि दोघेही फरफटत कड्याच्या टोकाशी आले.

"दाजी, आम्ही पडतोय!"

"एकमेकांचा हात धरा," खालून शांत आवाज आला.

मग सोमिलच्या हातातला दोर एकाएकी हलका झाला. बोधिसत्त्वांनी पोळे कापायच्या सुरीने तो कापला होता.

दिवस कलला तरी दोघे तिथेच बसून होते. बहिणीला काय सांगायचे, हे सोमिलला सुचत नव्हते. अखेर त्याने विचारले, "एक हिसका म्हणजे तुमच्याकडे काय?"

"सोड. तुमच्याकडे?"

"ओढ."

एवढेच बोलायचे राहिले होते. सोमिल ऊर फुटेस्तोवर रडला.

पुढे आयुष्यभर त्या दोघांनी मिळून दोर धरला आणि त्यांच्या हातून कोणी पडले नाही. पण सोमिलच्या बहिणीने त्याने आणलेला मध पुन्हा कधी तोंडात घातला नाही.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, समोर अबोला धरून बसलेल्या दोन भिक्षूंकडे पाहिले. "सोमिल आणि कुंडक म्हणजे त्या जन्मीचे तुम्ही दोघे. दोर कापणारा मी होतो. माझ्या वाट्याला त्यागाची पारमिता, म्हणजे परिपूर्णता, आली, तुमच्या वाट्याला मैत्री. पण ती उशिरा आली. या खेपेला कोणी पडायच्या आधी बोला."