आसनावर राहिलेली घोंगडी

एका राज्यात राजा मोठा होता, पण त्याची सभा त्याच्याहून मोठी होती. सभेच्या होकाराशिवाय कर बसत नसे, फौज हलत नसे, धरणाचं दार उघडत नसे.

सभेत दगडी आसनं होती. ती कोणाच्या मालकीची नव्हती. सल्ला हवा असला की राजा धनेश पक्ष्याला सोडी. पक्षी गावोगाव हिंडे. लोक ज्याचं नाव आपण होऊन घेत, त्या सरदाराच्या उंबरठ्यावर बसून त्याला हाक देई. सरदार आपली घोंगडी खांद्यावर टाकून येई, आसनावर अंथरून बसे, बोले, आणि उठताना घोंगडी गुंडाळून घरी नेई. आसनं घडवणाऱ्या मांत्रिकाची तशी अटच होती.

पुढे एका सरदाराला कंटाळा आला. उद्या यायचंच आहे, म्हणून त्याने घोंगडी आसनावरच ठेवली. बाकीच्यांनी पाहिलं आणि तसंच केलं. ते मेले तेव्हा त्यांचे मुलगे बापाच्या घोंगडीवर येऊन बसले. उरलेली आसनं राजाने मर्जीतल्यांना वाटली, काही खजिना भरणाऱ्यांना दिली. पक्ष्याला कोणी सोडेना. शेवटी तो आपणच उडून मांत्रिकाकडे गेला.

तेव्हापासून हाकेवाचून बसलेल्याला उठता येईना. आधी घोंगडी दगड होई, मग पाय, मग कंबर.

रायाजी सरदार असाच वारशाने बसलेला. दगड त्याच्या छातीपर्यंत चढला, तेव्हा त्याचा मुलगा जैतोजी रेशमी काठाची नवी घोंगडी घेऊन सभेत आला होता. बापामागे आसन आपलं, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. त्याने बापाचा हात धरला. हात गार होता. नवी घोंगडी तिथेच टाकून जैतोजी मांत्रिकाकडे निघाला.

मांत्रिकाने विचारलं, "आसन सोडवायला आलास की बाप?"

"बाप," जैतोजी म्हणाला. उत्तर द्यायला त्याला वेळ लागला, हे दोघांनाही कळलं.

"पक्षी घेऊन जा. तीन गावं फिरायची मुभा. लोकांनी मनापासून बापाचं नाव घेतलं, तर हा हाक देईल. तिन्ही गावी गप्प राहिला, तर बाप दगड."

पहिल्या गावी जैतोजीने तलवार उपसली. सगळं गाव रायाजीचं नाव घेऊ लागलं. पक्ष्याने चोच उघडली नाही.

दुसऱ्या गावी त्याने मोहरा उधळल्या. लोकांनी नाव गाऊन दाखवलं. पक्षी पिसं साफ करत बसला.

तिसरं गाव धरणाखालचं. पाट कोरडा पडला होता. जैतोजीजवळ आता द्यायला काही नव्हतं आणि धाक घालायची हिंमत उरली नव्हती. तो पाटाच्या काठावर बसला. शेजारी भागूबाई नावाची म्हातारी शेण थापत होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

"धनी, सरदार दगड झाले ते आम्हाला आता कळतंय," ती म्हणाली. "आधीही काही वेगळे वागत नव्हते."

जैतोजीने मान खाली घातली. मग पहिल्यांदाच विचारलं, "सभेत काय बोलायला हवं, आजी?"

"धरणाचं दार उघडा म्हणावं. दुसरं काय?" ती थांबली. "तुझा बाप पोरसवदा होता तेव्हा आमच्यासोबत ह्या पाटात उतरून गाळ काढायचा. सभेत गेला आणि विसरला. पण पाट त्याला माहीत आहे. रायाजीलाच बोलवा."

तिच्या मागच्या बायकांनी माना हलवल्या. पक्षी उडाला.

जैतोजी धापा टाकत सभेत पोचला, तेव्हा पक्षी उंबरठ्यावर होता आणि दगड रायाजीच्या गळ्याशी. पक्षी म्हणाला, "रायाजी."

दगड मऊ झाला. रायाजी उभा राहिला. जैतोजीने त्याला भागूबाईचं म्हणणं सांगितलं. त्याचा पहिला शब्द धरणाचा होता. मग राजाने पक्ष्याला पुन्हा गावांवर सोडलं. ज्यांची नावं आली ते उठले, बोलले आणि घरी गेले. ज्यांची आली नाहीत, ते अजून तिथे खांबांशेजारी आहेत.

धरणाचं दार उघडलं. पाटाला पाणी आलं.

रायाजीने घोंगडी गुंडाळली. जैतोजीची नजर रिकाम्या आसनावर गेली.

"ते तुझं नाही," रायाजी म्हणाला. "माझंही नव्हतं."

पुढे रायाजी वारल्यावर जैतोजीने त्याची घोंगडी घरी खुंटीला टांगली. दर उन्हाळ्यात तो धरणाखालच्या पाटात उतरून गाळ काढी. घरी आला की आधी उंबरठ्याकडे बघे.

हाक आली नाही. घोंगडी खुंटीवरच राहिली. सभा मात्र नीट चालली.