येसाईची वाट

फार वर्षांपूर्वी, वाघवळणाच्या डोहाला तळच नव्हता म्हणतात, तेव्हाची ही गोष्ट. डोहाकाठच्या भोईवाड्यात येसाई राहायची. तिनं टाकलेलं जाळं पाण्यात उतरताना आवाज करत नसे. मासा आपण होऊन येऊन बसे, असं म्हणतात.

डोहात ऊद होते, म्हणजे पाणमांजरं. ती मासे खायची आणि जाळी फाडायची. एकदा त्यांनी येसाईचं नवंकोरं जाळं मधोमध फाडलं. ती संतापली. सारा भोईवाडा गोळा करून तिनं काठावरच्या बिळांत मिरचीचा धूर केला आणि ऊद डोंगराकडं पळवून लावले.

पुढच्या वर्षी डोहात मासे एवढे झाले, की त्यांच्यावरून चालत पैलतीर गाठता येई, असं म्हणतात. येसाईचा दीर हिरोजी म्हणाला, "वैनी, आता पाण्यालाच जागा उरली नाही."

त्याच्या पुढच्या वर्षीही मासे पुष्कळ होते, पण बोटाएवढे. डोकं मोठं, अंग काडीसारखं. जाळ्यातून सगळे निसटून जात. मग ते पाण्यावर तोंडं काढून मरू लागले. भोईवाड्यातल्या चुली थंडावल्या. लोक गाव सोडायला म्हणून गाडगी-मडकी बांधू लागले.

येसाईनं मेलेला एक मासा चिरला. पोटात नुसता चिखल. तिनं तो दिराला दाखवला.

"हिरोजी, हे उपाशी मेलेत."

"एवढ्या मोठ्या डोहात?"

"डोह तेवढाच आहे. शेवाळ तेवढंच, किडे तेवढेच. खाणारी तोंडं वाढली. आपलं जाळं अंगानं भरलेला मासा धरतं, रोडका सोडतं. ऊद मागं पडलेला रोडका आधी उचलायचे."

"मग आता उदांच्या पाया पडायचं म्हण की."

"मी हाकलले, मीच पडते."

ती डोंगराकडं, नदीच्या वरच्या अंगाला गेली आणि वळणावळणावर मासे ठेवत परतली. ऊद मागोमाग आले, पण डोहाच्या तोंडाशी वाळणारी जाळी पाहून थबकले. पुढं येईनात.

तेव्हा येसाईनं विळा घेतला. आपल्याच जाळ्याच्या कोपऱ्याला एक ऊद जाईल एवढं भोक पाडलं आणि जाळं पाण्यात सोडलं. पुढचा ऊद आत शिरला, भोकातून बाहेर पडला. मग सगळे उतरले. तेवढा वेळ नदी वाहायची थांबली होती, असं म्हणतात.

हळूहळू मासे मोजके झाले, पण हातभर. बांधलेली मडकी पुन्हा चुलीवर चढली.

येसाई म्हातारी झाली आणि एका सकाळी डोहात उतरली. तिला उदांनी पाठीवरून नेलं, असं म्हणतात.

आजही वाघवळणाला नवं जाळं विणताना एक कोपरा मोकळा ठेवतात. त्याला येसाईची वाट म्हणतात. बाहेरगावचा कुणी जाळं विकत घ्यायला आला, की तिथं बोट घालून विचारतो, "इथं विणायचं राहिलं वाटतं?"

विणणारी मान वर न करता सांगते, "राहिलं नाही, ठेवलंय."