ओट्याखालची नळी

एकदा एक शिष्य भंगारात निघालेली बस घेऊन आला. तिच्यात घर करायचे आणि आईला समुद्र दाखवायला न्यायचे, असा त्याचा संकल्प होता. आईचे गुडघे पार गेलेले. खाट आणि चूल सोबत असली तरच तिला प्रवास झेपणार होता. वृद्ध गुरुजींच्या देखरेखीखाली त्याने सारे स्वतः बसवले. ओटा उभा राहिला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिले.

एकच अडचण होती. ब्रेकची हवा टिकत नव्हती, आणि वाटेत घाट होता. गॅरेजचा मिस्त्री ‘सकाळी येतो’ म्हणून संध्याकाळी उगवे, चाकांपाशी ठोकठाक करी आणि ‘बिनधास्त न्या’ म्हणून चालता होई. दुसऱ्या दिवशी हवा पुन्हा उतरलेली!

निघायच्या आदल्या दिवशीही त्याने तेच सांगितले. तो गेला आणि गुरुजी चक्क ओटा खोलू लागले.

शिष्य कळवळला. “गुरुजी, ही तर आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! दुखणं ब्रेकचं, आणि तुम्ही आईचा ओटा मोडताय?”

“मोडू दे रे,” आई बाहेरून म्हणाली. “चहा मी तीन दगडांवरही करीन.”

ओटा हलला, खालची फळी निघाली. ओट्याचा एक लांब स्क्रू फळीतून आरपार जाऊन ब्रेकच्या हवेच्या नळीवर टेकला होता. बस हलली की तो नळी घाशीत होता, आणि तिला बारीक भोक पडले होते. स्क्रू शिष्यानेच पिळलेला.

शिष्याने त्या भोकावरून बोट फिरवले. “आईला घेऊन मी असाच घाट उतरणार होतो.” त्याचे डोळे भरून आले.

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “मिस्त्री बस जाणतो, बाळा. पण तिच्यातलं घर तू बांधलंस. कुठला स्क्रू कुठवर गेला, ते त्याला कसं ठाऊक असणार? शिवाय त्याला पुढच्या गाडीची घाई असते. तुझ्या गाडीत तुझी आई निजणार आहे. जे आपलं आहे, त्याच्याखाली एकदा तरी आपणच वाकून पाहावं.”

दोघांनी मिळून नवी नळी घातली, आखूड स्क्रू लावला. रात्रभर हवा उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी घाट संपल्यावर आई खाटेवर जागी झाली आणि डोळे चोळत म्हणाली, “घाट लागला की उठव हं मला.”