कोतवालाने नेलेलं गाढव

ठकू कुंभारणीचं गाढव आजही कोतवालाने सोडून नेलं आणि भाजलेली मडकी भट्टीपाशीच राहिली. तिकडे बाजार भरला होता, पण मडकी काही आपल्या पायांनी चालत जात नव्हती.

खोड सगळी राजाची. त्याने दवंडी पिटवली होती की, दुकानातला, धंद्यातला माल धन्याला न विचारता, दाम न देता जो उचलेल, त्याचं अर्धं डोकं भादरून, गळ्यात खेटरांची माळ घालून, गाढवावर उलटं बसवून धिंड काढायची. मग तो वाण्याचा गूळ उचलो की हलवायाचा पेढा. न्हावी दरबारात होताच. खेटरंही दाराशी ढीगभर. गाढव मात्र दरबारात नव्हतं. म्हणजे चार पायांचं नव्हतं. तेव्हा ठकूचं न्यायचं ठरलं.

ठकू तडक दरबारात गेली. "महाराज, चोरी करतो दुसरा आणि धंदा बसतो माझा. ही शिक्षा नक्की कुणाला?"

राजाच्या मिश्या फुरफुरल्या. "माझ्या कायद्याला नावं ठेवतेस? मग असं कर. माझा कोतवाल ज्याला कधीच पकडू शकणार नाही, असा चोर दिवस मावळायच्या आत मुद्देमालासकट इथे उभा कर. नाहीतर उद्या गाढवावर तू."

कोतवाल भीमाजी मिशीतल्या मिशीत हसला.

ठकूने आधी घरी जाऊन भाकरी खाल्ली. उपाशीपोटी गाढवावर बसणं आणखी वाईट. मग ती वेशीपाशी जाऊन थांबली. आजच्या धोतरचोराची धिंड आटोपून भीमाजी गाढव ओढत येत होता.

"भीमाजीराव, चोर सापडला. दरबारात चला, मला एकटीला आवरायचा नाही."

"आणि हे गाढव?"

"असू द्या की. लागेल."

भीमाजी खुशीत निघाला. गाढव ओढत थेट राजापुढे!

"कुठाय चोर?" राजाने विचारलं.

"हा काय. दावं अजून हातातच आहे त्याच्या. गाढव माझ्या धंद्याचं. मला विचारलं नाही, दाम दिला नाही. आणि कोतवालाला कोतवाल पकडणार कसा?"

भीमाजीने दावं असं टाकलं, जणू साप धरला होता. "महाराज, मी तर तुमच्या हुकमाने नेलं!"

न्हावी उगाच वस्तरा पुसायला लागला.

"हुकूम माझाच," राजा पुटपुटला. "मग आता तुझं म्हणणं काय, बाई?"

ठकूने पदर सारखा केला. "माझं कसलं म्हणणं? एवढंच की एका गाढवावर भागायचं नाही, महाराज. दुसरं कुठून आणायचं?"

राजा लालबुंद झाला. डोक्यावरून हात फिरवून केस जागेवर आहेत ना, ते त्याने पाहिलं, आणि मग असा हसत सुटला की पागोटं घरंगळून मांडीवर आलं.

ठकूला गाढव मिळालं, आजवरचं भाडं मिळालं, वर लुगडंही मिळालं. आणि बाजार उठायच्या आत भीमाजीराव डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन निघाले. मागून गाढव मोकळंच चाललं होतं.