धुळाने जाळलेले पट्टे

दोष मायाप्पा कारभाऱ्याचा होता, आणि त्याच्या शब्दाला माना डोलावणाऱ्या साऱ्या म्हाताऱ्यांचा होता. देवाचा नव्हता, लांडग्यांचा नव्हता, धुळाचा तर नव्हताच. हे आधी ऐका, मग पुढचं.

माळावर गवत कमरेला लागायचं आणि लांडगे दिवसाढवळ्या फिरायचे, त्या काळातली ही गोष्ट. धनगरांच्या खडकवाडीची मेंढरं कुत्र्यांच्या भरवशावर असायची. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात लोकरीचा जाड पट्टा. कुत्रं मेलं की तोच पट्टा पिल्लाच्या गळ्यात जायचा. जुन्याची राखण नव्यात उतरते म्हणे. आणि पट्टा धुवायचा नाही, राखण वाहून जाते म्हणे.

एका उन्हाळ्यात कुत्री पडायला लागली. अंग तापायचं, हिरड्या पांढऱ्याफटक व्हायच्या, नाकातून रक्त यायचं. मेलेल्याचा पट्टा पिल्लाला, पिल्लू गेलं की दुसऱ्या पिल्लाला. म्हातारे म्हणाले, बिरोबाचा कोप आहे, बकरं कापा. बकरं म्हाताऱ्यांनी खाल्लं. कुत्री मरतच राहिली.

धुळाला आईबाप नव्हते. मायाप्पा त्याचा चुलता, त्यानंच वाढवलेलं. आपलं म्हणावं असं तेवढंच एक घर. धुळाची म्होरी नावाची कुत्री आजारली, तेव्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन त्यानं पट्टा वर सारला. खाली गोचीड चिकटलेले, एरंडाच्या बियांसारखे टम्म. पट्ट्याच्या विणीतही बारके वळवळत होते.

तो पट्टा घेऊन धुळा बिरोबाच्या देवळापुढं गेला. मायाप्पा आणि म्हातारे तिथंच बसले होते.

"तात्या, ह्यात बघा. मरान ह्यात हाय."

मायाप्पानं बघितलंही नाही. "माझ्या आज्यानं वळलेला पट्टा हाय त्यो. आजा काय खुळा होता?"

"खुळा नव्हता. पट्टा उचलून खाली बघितलं न्हाई त्यानं, एवढंच."

म्हातारे हसले. कुत्र्याच्या पिसवा मारणारा आता आम्हाला शहाणपण शिकवणार, असं एकजण बोलला.

दुपारी म्हातारे घोरत पडले, तेव्हा धुळानं वाडीतल्या सगळ्या कुत्र्यांचे पट्टे कापले आणि देवळापुढंच पेटवून दिले. गोचीड फुटाण्यांसारखे तडतडले, असं म्हणतात. धुराच्या वासानं मायाप्पा जागा झाला. याच्याशी जो बोलेल तो वाडीचा नाही, एवढंच म्हणाला आणि घराचं दार लावून घेतलं.

धुळा टेकाडावर जाऊन राहिला. आजारी कुत्री त्याच्या मागोमाग गेली. तो दिवसभर कानांत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी गोचीड शोधायचा, वेचून मिठाच्या पाण्यात टाकायचा, वर करंजाचं तेल चोळायचा. काही कुत्री गेली. म्होरी जगली. पुढं तर लांडगेही येऊन त्याच्यापुढं मान टाकून बसायचे, त्यांचेही गोचीड तो काढायचा, आणि तेव्हापासून लांडग्यानं वाडीचं मेंढरू उचललं नाही, असं म्हणतात.

म्हाताऱ्यांना हे दिसत होतं. ते आपली कुत्री आणायचे, टेकाडाखालच्या बोरीला बांधायचे आणि पाठ फिरवायचे. कुत्रं बरं झालं की सोडवून न्यायचे. एकदा मायाप्पाच आला. धुळा धावत खाली उतरला.

"तात्या, काय बी बोला. शिवी द्या वाटलं तर."

मायाप्पा खाकरला, कुत्रं बांधलं आणि निघून गेला.

आजही खडकवाडीत दसऱ्याच्या आदल्या दिवशी जुने पट्टे जाळतात. त्याला धुळाची होळी म्हणतात. घरोघरी कुत्र्याला मांडीवर घेऊन गोचीड काढतात, करंजाचं तेल लावतात आणि ते होईतोवर कुणी कुणाशी बोलत नाही. हे मौन धुळाच्या मानाखातर, असं म्हातारे सांगतात. मान कसला? आपल्याच आज्यापणज्यांची लाज झाकायची, दुसरं काय.

कुत्री वाचली. धुळाशी मात्र तो मरेपर्यंत एकही माणूस बोललं नाही.